मूल नसणे : दोष एकटीचा नव्हे



लातूर जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील जळकोट हा तालुका १९९९ मध्ये स्वतंत्र झाला. त्यापूर्वी हा भाग उदगीर तालुक्यात मोडत असे. पलीकडे नांदेड जिल्ह्यातील मुखेड व कंधार हे तालुके लागतात. पावसाच्या भरवशावरची शेती आणि डोंगरउतारावरच्या वाड्या-तांडे असा हा मुलूख आहे. सुगी आटोपली की येथील कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल दोघांची, फड दोघांचा आणि फिटवायचे कर्जही दोघांचे.

मात्र लग्नाला तीन-चार वर्षे होऊन पाळणा हलला नाही, की हा दोघांचा हिशोब एकाएकी मोडतो. दोष एकटीचा ठरतो. नवस तिनेच करायचे, उपास तिनेच धरायचे, गंडेदोरे तिनेच बांधायचे आणि अखेर दवाखान्याची पायरीही तिनेच चढायची. ओटी भरण्याच्या कार्यक्रमात तिला मागे बसविले जाते. पुढे माहेरी पाठवणी होते किंवा घरात दुसरीची बोलणी सुरू होतात. आपल्या भाषेत अपत्यहीन स्त्रीला हिणविण्यासाठी शब्द आहे. तशाच पुरुषाला उद्देशून तितका रुळलेला शब्द नाही. यावरूनच समाजाने हा दोष कोणाच्या पदरी घातला आहे हे उघड होते.

वस्तुस्थिती काय आहे?

वर्षभर नियमित शरीरसंबंध असून आणि संततिनियमनाचे कोणतेही साधन वापरत नसूनही गर्भधारणा झाली नाही, तर त्या स्थितीला वैद्यकशास्त्र वंध्यत्व म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील प्रौढ व्यक्तींपैकी सुमारे साडेसतरा टक्के, म्हणजे ढोबळमानाने सहांपैकी एका व्यक्तीला, आयुष्यात केव्हा ना केव्हा या अडचणीस तोंड द्यावे लागते. अशा जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या बाबतीत पुरुषातील कारण एकटे किंवा स्त्रीतील कारणासोबत आढळते. म्हणजेच केवळ स्त्रीची तपासणी करून थांबणे हे अर्धे शेत नांगरून पेरणी झाली असे समजण्यासारखे आहे.

येथे एक गैरसमज प्रथम दूर करणे अगत्याचे आहे. वंध्यत्व आणि नपुंसकत्व या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी होत. शरीराने धडधाकट, अंगमेहनतीत कोणाला हार न जाणाऱ्या आणि वैवाहिक जीवनात कोणतीही उणीव नसलेल्या पुरुषाच्या वीर्यातही शुक्राणू कमी असू शकतात, मंद असू शकतात किंवा मुळीच नसू शकतात. डोळ्यांनी पाहून ते कळत नाही. ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. हा फरक ध्यानी न आल्यामुळे तपासणी म्हणजे पुरुषत्वाची परीक्षा असे मानले जाते. नवरा दवाखान्याकडे फिरकत नाही आणि पत्नीची उमेदीची वर्षे वाया जातात.

पहिली तपासणी पुरुषाची

स्त्रीच्या तपासण्यांत रक्तचाचण्या, सोनोग्राफी, बीजवाहिन्या मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी क्ष-किरण तपासणी आणि क्वचित दुर्बिणीची शस्त्रक्रिया असे अनेक टप्पे येतात. पुरुषाची पहिली तपासणी मात्र एकच असते, ती म्हणजे वीर्यतपासणी. तीत टोचणे नाही, कापणे नाही, भूल नाही. तेव्हा आरंभ या साध्या तपासणीने व्हावा, निदान ती पत्नीच्या तपासण्यांबरोबर तरी व्हावी, हे व्यवहाराला धरून आहे.

तिचे नियमही सोपे आहेत. तपासणीपूर्वी किमान दोन व जास्तीत जास्त सात दिवस संयम पाळावा. नमुना संपूर्ण गोळा करावा, कारण पहिल्या अंशातच शुक्राणूंचे प्रमाण अधिक असते. नमुना तासाभराच्या आत प्रयोगशाळेत तपासला जावा लागतो. त्यामुळे तो घरून बाटलीत घालून एसटीने नेण्यात अर्थ नसतो. तो प्रयोगशाळेच्या ठिकाणीच द्यावा. लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. उदगीर तर जवळच आहे. कोठे जावे याची चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे करता येते.

अहवालातील आकड्यांनी गांगरून जाण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे दर मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा धरली जाते आणि शेकडा ४२ शुक्राणूंत हालचाल असावी अशी अपेक्षा असते. ही पास-नापासाची रेघ नव्हे. आकडा त्याहून कमी असलेल्या पुरुषांनाही अपत्ये होतात. एका अहवालावरून निष्कर्षही काढू नये. दोष आढळल्यास काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्यामुळे मध्यंतरी येऊन गेलेल्या तीव्र तापाचा परिणामही अहवालात उमटतो.

कारणे आणि उपाय

पुरुषातील वंध्यत्वाची कारणे अनेक आहेत. अंडकोशातील शिरा फुगणे, लहानपणी अंड पोटातून खाली न उतरणे, वयात आल्यानंतर गालगुंड होऊन त्याची सूज अंडात उतरणे, जननमार्गाचा जंतुसंसर्ग, वीर्यवाहिनीत अडथळा, संप्रेरकांचा बिघाड आणि काही जन्मजात दोष ही त्यांतील प्रमुख होत. कित्येकांच्या बाबतीत कारण सापडतही नाही. अंड खाली उतरले नसल्यास शस्त्रक्रिया साधारणपणे पहिल्या दीड वर्षातच करणे हितावह असते. म्हणून लहान बाळांच्या आयांना अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्यांनी याची माहिती द्यावी.

निसर्गाने अंडकोश शरीराबाहेर ठेवला आहे, तो त्याला शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी उष्णता हवी म्हणून. वीटभट्टी, भटारखाना, गुऱ्हाळाची चुलवण अशा ठिकाणी तासन् तास काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. तंबाखू व मद्य यांचा परिणाम शुक्राणूंवर होतो. व्यायामशाळेतील काही तरुण शरीर कमावण्यासाठी संप्रेरकांची इंजेक्शने घेतात, त्यांनी तर शुक्राणूंची निर्मितीच मंदावते किंवा थांबते. शेतीतील विषारी औषधांबाबतही सावधगिरी हवी. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९७७ मध्ये एका रसायन कारखान्यातील कामगारांच्या ध्यानात आले की, आपल्यापैकी अनेकांना मुले होत नाहीत. तपासणीत त्यांच्या वीर्यातील शुक्राणू घटलेले किंवा नाहीसे झालेले आढळले. जमिनीतील सूत्रकृमी मारण्यासाठी तेथे तयार होणारे डीबीसीपी हे औषध त्यास कारणीभूत होते. प्रत्येक फवारणी अशीच घातक असते असे नाही. तथापि हातमोजे, तोंडावर पट्टी आणि फवारणीनंतर आंघोळ हे नियम केवळ विषबाधा टाळण्यासाठी नाहीत.

कधी कधी दोघांतही दोष नसतो, दोष असतो तो परिस्थितीचा. नवरा पुण्याला किंवा हैदराबादला कामावर, पत्नी गावी, आणि भेट सणावाराला. अशा जोडप्याच्या लग्नाला चार वर्षे झाली असली, तरी एकत्र सहवासाचे महिने मोजले तर ते वर्षभराचेही भरत नाहीत. पाळी नियमित असल्यास पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी स्त्रीबीज बाहेर पडते आणि ते जेमतेम एक दिवस टिकते. शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. या दिवसांत एक-दोन दिवसांआड संबंध यावा, एवढे कळले तरी काही घरांतील चिंता मिटेल. पत्नीचे वय पस्तिशीपुढे असेल, तर मात्र वर्षभर थांबू नये. सहा महिन्यांतच सल्ला घ्यावा.

औषधोपचाराने वा शस्त्रक्रियेने काही दोष दूर होतात. जेथे होत नाहीत, तेथेही आता वाट बंद नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून नलिकाबालकाचा जन्म झाला. महानगरपालिकेच्या, म्हणजे सर्वसामान्यांच्या, रुग्णालयात हे घडले ही विशेष गोष्ट होय. १९९२ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडून गर्भधारणा घडविल्याचे प्रसिद्ध केले. पुरुषातील वंध्यत्वाच्या उपचाराला त्यामुळे नवी दिशा मिळाली. वीर्यात शुक्राणू नसतानाही काहींच्या अंडातून ते काढून घेता येतात. हे उपचार खर्चाचे आहेत आणि प्रत्येक वेळी यश येतेच असेही नाही. २०२१ च्या साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार असे उपचार नोंदणीकृत केंद्रातच करता येतात आणि संबंधितांची लेखी संमती आवश्यक असते. दात्याच्या बीजाने झालेले मूलही कायद्याने त्या दांपत्याचेच असते.

कायदा काय सांगतो?

पंचायत सदस्यांपुढे असे तंटे येतात, म्हणून काही तरतुदी त्यांनी ध्यानात ठेवाव्यात. केवळ मूल होत नाही हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे कारण नाही. पहिली पत्नी असताना त्या कायद्याखाली केलेला दुसरा विवाह रद्दबातल असून तो गुन्हाही आहे. शिवाय दोष पुरुषात असेल, तर दुसरी घरात आणून पाळणा हलणार कसा? तिच्याही वाट्याला तोच बोल येतो, एवढेच. मूल नाही म्हणून स्त्रीला टोमणे मारणे, तिचा अपमान करणे हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात स्पष्ट शब्दांत हिंसाचार मानला आहे. मूल न होणाऱ्या स्त्रीला अतींद्रिय शक्तीने मूल देण्याचे आश्वासन देऊन तिच्याशी शरीरसंबंध ठेवणारा भोंदू राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली शिक्षेस पात्र ठरतो. घरातील पुरुष तपासणी टाळतो, तेव्हाच त्याची पत्नी अशा भोंदूच्या दारी पोहोचते, हे विसरता येणार नाही.

जोतीरावांचा प्रश्न

या बाबतीत महाराष्ट्राला आदर्श शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांचा विवाह १८४० मध्ये झाला. त्यांना मूल झाले नाही. आप्तेष्टांनी जोतीरावांना दुसऱ्या लग्नाचा आग्रह धरला. चरित्रकारांनी नोंदविले आहे की, जोतीरावांनी तो साफ नाकारला. मूल न होण्यास एकट्या स्त्रीलाच जबाबदार का धरावे, आणि उणीव पुरुषात असल्यास स्त्रीने दुसरा नवरा केलेला चालेल काय, असा त्यांचा सवाल होता. वीर्यतपासणीची सोय नसलेल्या काळात त्यांनी हे विचारले. १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करीत असतानाच सावित्रीबाईंना प्लेगने गाठले आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. त्या घराला वंशाचा दिवा नव्हता, असे म्हणण्याचे धाडस आज कोण करील?

दत्तकाचा मार्ग आजही मोकळा आहे. मात्र तो कायद्याच्या चौकटीतून, केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नोंदणी करूनच घ्यावा. रुग्णालयातून वा मध्यस्थाकडून परस्पर मूल आणण्याच्या फंदात कोणी पडू नये.

गावाने काय करावे?

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या अवमानकारक प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. गावच्या मानपानाच्या रूढी ठरावाने बदलू शकतात, हे त्यातून दिसले. अपत्यहीन स्त्रीला हळदीकुंकवात आणि ओटीच्या मानात बरोबरीने बसविण्याचा ठराव जळकोटसारख्या तालुक्यातील गावांना अवघड नाही. त्यासाठी निधी लागत नाही आणि मंजुरीही लागत नाही.

शिक्षकांनी वरच्या वर्गांतील प्रजननाचा धडा वगळू नये, तो मुलांना व मुलींना सारख्याच गांभीर्याने शिकवावा. आरोग्य सेवकांनी घरभेटीत सुनेइतकीच मुलाचीही चौकशी करावी, आणि अहवालाची गुप्तता कसोशीने पाळावी. पुरुष तपासणीला बिचकतो तो बहुधा चारचौघांत बभ्रा होईल या भीतीने. पंचायतीपुढे असा तंटा आल्यास पंचांनी इतर काही बोलण्याआधी एकच विचारावे : नवऱ्याची तपासणी झाली आहे काय?

ऊसाच्या फडात नवरा-बायको मिळून एक कोयता मानणाऱ्या या भागाला दोघांचे ओझे दोघांनी वाहावे हे नव्याने शिकवावे लागणार नाही. तोच न्याय घराच्या उंबरठ्याच्या आत लावला, तर माहेरी परत पाठविल्या जाणाऱ्या कित्येक मुली आपल्या घरी राहतील, आणि त्यांतील काहींच्या घरी पाळणाही हलेल.