कासेलचे महापौर शायडेमान



लेनिनचे लेखन मराठीत आणताना शायडेमान हे नाव मला प्रथम अनेकवचनात भेटले. 'शायडेमान मंडळी' असे लिहून भाषांतरकार पुढे जातो. ती जणू व्यक्ती नसून एक जात असते. आज त्या अनेकवचनातील मूळ माणसाविषयी, विशेषतः त्याच्या महापौरपदाविषयी, बोलावयाचे आहे.

फिलिप शायडेमान १८६५ साली कासेल येथे जन्मले. छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम शिकलेला हा कामगार समाजवादविरोधी कायदा जारी असतानाच, १८८३ मध्ये, पक्षात आला. पुढचा इतिहास आपणांस ठाऊक आहे : १९१४ ची युद्धकर्जे, ९ नोव्हेंबर १९१८ ची प्रजासत्ताकाची घोषणा, आणि जानेवारी १९१९ मध्ये कार्ल लीबक्नेख्ट व रोझा लुक्झेम्बुर्ग यांची हत्या झाली तेव्हा सत्तेवर असलेले सरकार. त्या सरकारात शायडेमान होते. हा हिशेब कोणत्याही महापौरपदाने फिटत नाही.

जून १९१९ मध्ये व्हर्सायच्या तहावर सही करण्यास नकार देऊन त्यांनी सरकारचे नेतृत्व सोडले आणि १९२० च्या आरंभी ते जन्मगावचे महापौर झाले. टाइप जुळविणारा पोरगा नगरभवनात प्रमुखाच्या खुर्चीवर बसला, ही गोष्ट जुन्या प्रशियन नोकरशाहीला व राष्ट्रवादी मंडळींना सहन होण्यासारखी नव्हती. ज्याने क्रांतीला आवर घातला, त्याचे उपकार उजव्यांनी मानले असतील असे कोणास वाटेल. त्यांनी मात्र खिडकीतून केलेली ती एक घोषणा तेवढी लक्षात ठेवली.

४ जून १९२२, रविवार. शायडेमान मुलगी व नात यांच्यासह विल्हेल्म्सह्योएच्या वनराईत फिरत होते. 'ऑर्गनायझेशन कॉन्सुल' या गुप्त संघटनेच्या माणसांनी रबरी पिचकारीतून त्यांच्या तोंडावर प्रुसिक आम्ल फवारले. धमक्या येत असल्याने ते पिस्तूल बाळगीत. त्यांनी गोळ्या झाडल्या, मग ते कोसळले. ते वाचले. त्यानंतर अवघ्या वीस दिवसांनी परराष्ट्रमंत्री राटेनाऊ यांचा खून झाला. शायडेमान यांच्या हल्लेखोरांना प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा झाली.

नगरसभेतील विरोध चालूच राहिला, आणि १९२५ मध्ये त्यांनी पद सोडले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच साठी उलटलेल्या या गृहस्थाला देश सोडावा लागला. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी कोपनहेगन येथे, निर्वासित म्हणून, त्यांचा मृत्यू झाला.