प्रकाशाचे घर



ज्या परिसरात आपण आज जमलो आहोत, त्याचे नाव एका मराठी माणसाचे आहे. हिंदूराव घाटगे हे कागलच्या घाटगे घराण्यातील. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे ते बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याने दिल्लीच्या टेकडीवर बांधलेले घर, 1835 मध्ये त्याचा खून झाल्यानंतर, हिंदूरावांकडे आले. 1857 च्या लढाईत त्या घरावर तोफांचा मारा झाला. आज तेथे मोठे रुग्णालय आहे. वाडा गेला, नाव मात्र उरले.

नावाखेरीज आपल्या वस्तीची आणखी एक खूण असते. दिवाळीत एखाद्या सज्जात आकाशकंदील दिसला, की रस्त्याने जाणाऱ्या मराठी माणसाची पावले क्षणभर थबकतात. हा कंदील घरीच कसा करावा आणि तो घरीच का करावा, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

साहित्य फार लागत नाही. बांबूच्या 20 सेंटीमीटर लांबीच्या 24 कामट्या, 30 सेंटीमीटरच्या दोन, सुती दोरा, गव्हाच्या पिठाची खळ आणि पतंगाचा कागद. महाराष्ट्रात पतंग संक्रांतीला उडतात, दिल्लीत ते 15 ऑगस्टच्या सुमारास; म्हणून लाल कुआँच्या पतंगबाजारातून कागद तेव्हाच आणून ठेवावा, हे बरे.

प्रथम चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधावेत. त्यांपैकी चार चौकोन कोपऱ्यावर उभे करून, शेजारचे कोपरे एकमेकांस बांधून त्यांचे कडे करावे. पाचवा चौकोन या कड्याच्या वरच्या चार टोकांना आणि सहावा खालच्या चार टोकांना बांधावा. चौकोनांच्या मधोमध आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. मुलांना या क्षणी जो आनंद होतो, तो भूमितीच्या पुस्तकाने क्वचितच होतो.

मात्र सांगाडा हाती घेतला तर तो लचकतो. कारण साधे आहे: त्रिकोणाचा आकार बदलत नाही, चौकोन मात्र कलंडतो. म्हणून बाजूच्या चार चौकोनांत समोरासमोरचे कोपरे जोडणारा दोरा फुलीसारखा ताणून बांधावा, आणि वरच्या व खालच्या चौकोनांत लांब कामटी तिरपी बसवावी. आता सांगाडा ताठ उभा राहील. वरची कामटी दुहेरी काम करते: तिच्यावरच दिव्याचा होल्डर टांगावयाचा असतो. कंदिलाचा भार मात्र वरच्या चार कोपऱ्यांना बांधलेल्या दोरीने पेलावा. विजेची तार सैल असावी. तिला कधीही ओझे उचलू देऊ नये. जोडणी करताना मुख्य बटण बंद ठेवावे.

कागद बाजूचे चार चौकोन आणि आठ त्रिकोण यांवरच चिकटवावा. वरचा आणि खालचा चौकोन मोकळा ठेवावा. हा मोकळेपणा शोभेसाठी नाही. आमच्या घरी एका वर्षी हौसेने वरूनही कागद लावला आणि आत 60 वॅटचा दिवा सोडला. तासाभराने कागद तपकिरी पडला. सुदैवाने घरात माणसे जागी होती. तारेच्या दिव्यात विजेचा फार थोडा अंश प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडतो. उरलेली सारी उष्णता होते, आणि तापलेली हवा वर चढते. तिला वाट हवी. आपल्या कंदिलात मध्यबिंदूपासून कागद सुमारे 14 सेंटीमीटरवर येतो. दिवा त्या मध्यावरच राहील, असे पाहावे. आज 9 वॅटचा एलईडी दिवा जवळजवळ तेवढाच उजेड देतो आणि पुष्कळ कमी तापतो. तोच वापरावा, पण त्याचाही बुंधा तापतो, म्हणून वाट तरीही मोकळीच ठेवावी.

कोणी विचारील, बाजारात तयार कंदील मिळत असता हा खटाटोप कशासाठी? माझे उत्तर असे. विकतचा कंदील फाटला की आपण तो टाकून देतो, कारण तो कसा उभा राहिला हे आपणांस ठाऊक नसते. घरच्या कंदिलाचा कागद फाटतो, सांगाडा राहतो. दुसऱ्या वर्षी कोमट पाण्याने जुना कागद सोडवावा, सैल गाठी आवळाव्यात आणि नवा कागद लावावा. ज्या मुलाने पहिल्या वर्षी नुसती खळ ढवळली, तेच काही वर्षांनी गाठी मारू लागते, आणि पुढे कदाचित दुसऱ्याच एखाद्या शहरात, सांगाडा समोर नसतानाही, 24 कामट्या मोजून घेते.

दगडी वाड्याचे काय होते, ते आपण या टेकडीवर पाहिले आहे. कंदील तर कागदाचाच. तो टिकावा म्हणून नव्हे, पुन्हा करता यावा म्हणून घरी करावा.