परक्या शहरात वेशभूषा करणाऱ्याची नजर
(देवगाव फाटा, जि. परभणी येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

फॅशन स्टायलिस्ट आणि वेशभूषाकार हे दोन शेजारचे व्यवसाय आहेत. स्टायलिस्ट तयार कपडे, दागिने, पादत्राणे यांतून निवड करून एखाद्या व्यक्तीचे किंवा छायाचित्राचे रूप जुळवतो, तर वेशभूषाकार पात्राचा काळ, प्रांत व ऐपत ध्यानात घेऊन कापडापासून पोशाख घडवून घेतो. अनोळखी शहरात पाऊल टाकताच दोघांचीही एकच अडचण होते, ती अशी की कापड बाजारात मिळते, परंतु ते कोणी, कोणत्या वयात, कोणत्या दिवशी आणि कसे नेसावे याची समज कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

या अडचणीतून वाट काढणाऱ्यांत भानू अथैया यांचे नाव मराठी माणसाला जवळचे आहे. 1929 साली कोल्हापुरात चित्रकार अण्णासाहेब राजोपाध्ये यांच्या घरी जन्मलेल्या भानुमती मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकल्या, ‘ईव्ह्ज वीकली’सारख्या स्त्रियांच्या नियतकालिकांसाठी पोशाखांची चित्रे काढू लागल्या आणि त्याच साप्ताहिकाच्या संपादिकेने कपड्यांचे दुकान काढले तेव्हा प्रत्यक्ष कपडे घडवण्याकडे वळल्या, 1956 च्या ‘सी.आय.डी.’पासून त्यांचे चित्रपटातील काम सुरू झाले. कागदावर पोशाख रेखाटणारा हात शिंप्याच्या कातरीपाशी कसा पोहोचला, हे या प्रवासातून दिसते आणि परक्या शहरात नवख्या माणसाला आधार मिळतो तो बहुधा अशा एखाद्या आधीच हाती असलेल्या कसबाचाच.

मराठवाड्याच्या श्रोत्यांना 1966 चा ‘आम्रपाली’ विशेष वाटावा, कारण त्यातील वैशालीच्या नगरवधूच्या पोशाखासाठी अथैया यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला. कमरेला नेसायचे अंतरीय आणि अंगावरून घ्यायचे उत्तरीय ही न शिवलेली दोन वस्त्रे त्या चित्रांत रंगांसह दिसतात. इतिहासाचा अभ्यासक येथे हरकत घेईल, आणि ती रास्तही आहे. आम्रपाली बुद्धाच्या काळातील आणि अजिंठ्याची बहुतांश चित्रे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, म्हणजे मध्ये सुमारे हजार वर्षे जातात. भारहूत व सांचीची शिल्पे काळाने अधिक जवळची खरी, पण दगडात सुताचा पोत आणि रंग सापडत नाहीत, तेव्हा ही निवड पुराव्याच्या मर्यादेतून झालेली समजावी.

अथैया यांनी वेशभूषा केलेल्या रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ या चित्रपटाचे चित्रीकरण नोव्हेंबर 1980 ते मे 1981 या काळात झाले आणि त्याचा मोठा भाग दिल्ली व परिसरात पार पडला. कथेचा पल्ला 1893 पासून 1948 पर्यंतचा असल्यामुळे बॅरिस्टरचा सूट, काठेवाडी वेष आणि सप्टेंबर 1921 मध्ये मदुराईत स्वीकारलेला पंचा हे टप्पे एकाच देहावर क्रमाने दाखवायचे होते, शिवाय भोवतीचे प्रत्येक माणूस आपापल्या प्रांताचे वाटायला हवे होते. रोहिणी हट्टंगडी यांची कस्तुरबा याचे चांगले उदाहरण आहे. मराठी नेसणीत पदर डाव्या खांद्यावरून मागे जातो, तर गुजराती नेसणीत तो मागून उजव्या खांद्यावरून पुढे येऊन छातीवर पसरतो. एवढ्या बदलाने चालण्याची, वाकण्याची, डोक्यावर पदर सावरण्याची सगळीच सवय बदलते, आणि ती अंगवळणी पडली नाही तर उंची खादीसुद्धा उसनी दिसते. श्रीराम लागू यांच्या गोखल्यांच्या डोक्यावरील मराठी पागोट्यालाही हाच न्याय लागू पडतो. नव्या कोऱ्या कापडाची आणखी एक खोड म्हणजे कॅमेऱ्यापुढे त्याचे नवेपण लपत नाही. म्हणून या व्यवसायात कापड वारंवार धुऊन, चहाच्या पाण्यात बुडवून, कोपर व गुडघ्याच्या जागी घासून मुद्दाम जुने केले जाते. या चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासह अथैया यांना 1983 साली ऑस्कर मिळाले आणि तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या.

आजचा मराठी स्टायलिस्ट बँकॉकसारख्या शहरी गेला तर फाहुरात या कापडबाजारात भारतीय वंशाचे व्यापारी भेटतात, त्यामुळे भाषेची अडचण काहीशी हलकी होते. रंगांचे मात्र तसे नाही. थायलंडमध्ये वाराप्रमाणे रंग मानतात आणि सोमवारचा पिवळा हा तेथे राजे भूमिबोल यांच्या जन्मवाराचा रंग म्हणून राजनिष्ठेशी जोडला गेला. ऑक्टोबर 2016 मध्ये ते निवर्तले तेव्हा शोकाच्या काळ्या कपड्यांचा तुटवडा पडून लोकांनी असलेले कपडे काळे रंगवून घेतले. दुखवट्याला पांढरे वापरणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे आधी ठाऊक असावे लागते. उलट चोंग क्राबेन हे तेथील जुने वस्त्र, ज्याचे टोक पायांमधून मागे नेऊन खोचतात, काष्ट्याशी परिचय असलेल्या नजरेला लगेच कळते. वाट अरुण मंदिराच्या परिसरात असे जुने पोशाख पर्यटकांना छायाचित्रांसाठी भाड्याने मिळतात, आणि नव्याने आलेल्या स्टायलिस्टने मोठ्या दालनांच्या आधी अशा दुकानात बसून कोणत्या चुण्या कुठे खोचतात हे पाहिले, तर पुढच्या कामाचा निम्मा अभ्यास तेथेच होतो.