मशीनच्या आधीची वर्षं



मूत्रपिंडाच्या आजाराबाबत आपलं राष्ट्रीय धोरण डायलिसिसच्या मशीनपाशी सुरू होतं. ते निदान दहा वर्षं आधी सुरू व्हायला हवं.

२०१६ साली प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला. मूत्रपिंड पूर्ण निकामी झालेले २.२ लाख नवे रुग्ण दरवर्षी, आणि त्यांच्यासाठी ३.४ कोटी डायलिसिसची वाढती गरज, हा त्यामागचा सरकारी अंदाज. जिल्हा रुग्णालयांत मशीन आल्या, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला मोफत उपचार मिळू लागले. हे काम मोठं आहे; त्याला कमी लेखणं मला मान्य नाही. पण त्या मोफत डायलिसिससाठी तालुक्याचा माणूस पहाटेची एसटी धरतो. सोबत घरचं कुणीतरी लागतंच. चार तास मशीनवर, मग डायलिसिसच्या सुया टोचलेल्या हातावर पट्टी, पोटऱ्यांत गोळे, आणि परतीच्या गाडीची वाट. आठवड्यातून तीनदा या म्हणून आपण सांगतो, तो दोनदाच येतो. प्रत्येक खेपेला दोघांची मजुरी बुडते. प्रत्यारोपण म्हणावं, तर २०२३ साली साऱ्या देशात मूत्रपिंडाची प्रत्यारोपणं झाली १३ हजारांच्या थोडी वर. त्यांतही दाते बहुतेक जिवंत, आणि अनेकदा ती रुग्णाची आई नाहीतर बायको असते.

आता दुसरं टोक पाहा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे आहे. आशाताई घरोघरी फॉर्म भरतात. बीपी, शुगर आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग, एवढं तपासलं जातं. असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात मूत्रपिंडविकाराचं नाव आहे, पण या नेमाच्या तपासणीत त्याला जागा नाही. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाचं जवळजवळ निम्मं काम गेलेलं असतं. मधुमेहात लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात ती बहुधा त्याच्या कितीतरी आधी. ती ओळखणारी तपासणीची पट्टी लघवीत बुडवली की, प्रथिनं असतील तर, मिनिटभरात तिच्यावरचा पिवळा चौकोन हिरवट होतो. ही पट्टी नवी नाही. उपकेंद्रात गरोदर बाईची लघवी नर्सताई याच पट्टीने तपासतात. त्याच घरातल्या तिच्या मधुमेही सासऱ्याची का तपासू नये?

पट्टीला अगदी सुरुवातीची गळती दिसत नाही, हे मी जाणतो. मधुमेहींसाठी लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासायची सोय तालुक्याला हवीच. पण सापडलेल्या माणसाला द्यायला आज आपल्याकडे औषधं आहेत. रामिप्रिल, टेल्मिसार्टन जुनी आणि स्वस्त. डापाग्लिफ्लोझिनचं पहिलं पेटंट २०२० साली संपलं आणि त्याच्याही किमती उतरल्या. शेवट वर्षानुवर्षं लांबवणारी गोळी बाजारात असताना ती रुग्णापर्यंत मशीनच्या नंतर पोचावी, याचा मला राग येतो.

एक गोष्ट या पट्टीने सुटणार नाही. आंध्रातलं उद्दानम, गोव्यातलं काणकोण इथे मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी शेतात राबणारी माणसं निकामी मूत्रपिंड घेऊन येतात. या आजारात लघवीत प्रथिन फारसं उतरतच नाही. आपल्याकडे अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातले लोकही वर्षानुवर्षं मूत्रपिंडाची तक्रार मांडत आहेत. अशा गावांत वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि सोबत पाण्याची तपासणी लागेल. कारण नक्की ठरेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. अंगदुखीवर दुकानातून मूत्रपिंडाला घातक ठरू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या ऊसतोड मजुरांचीही अशाच जोखमीच्या यादीत नोंद हवी.

मे २०२५मध्ये जागतिक आरोग्य सभेने मूत्रपिंडाच्या आरोग्यावर ठराव मंजूर केला; भारत तिथला सदस्य आहे. डॉक्टर, परिचारिका व डायलिसिस तंत्रज्ञांच्या आपल्या या परिषदेचा ठराव त्याहून छोटा आहे: तिशीपुढच्या तपासणीच्या फॉर्मवर लघवीच्या पट्टीचा एक रकाना, आणि जोखमीच्या गावांसाठी क्रिएटिनिनचा दुसरा. दुपारच्या खुल्या सत्रात मसुदा येईल. आपापल्या जिल्ह्यातल्या उपकेंद्रात या पट्ट्या महिनाभर पुरतात का, हे जेवणाच्या सुट्टीत फोन करून विचारा आणि मगच चर्चेला बसा.