वाडवडील

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की मराठी घरांत पितरांचे स्मरण होते. पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांची नावे श्राद्धात उच्चारली जातात. कलबुर्गी (पूर्वीचे गुलबर्गा) जिल्ह्यातील आळंद किंवा बीदरकडील भालकी या भागांत मराठी घराला लागूनच कन्नड घर असते. तेथे महालयाच्या अमावास्येला 'हिरियर हब्ब', म्हणजे वडीलधाऱ्यांचा सण, होतो. पलीकडच्या दखनी बोलणाऱ्या घरात हेच लोक 'बुजुर्ग' म्हणून आठवले जातात. भाषा तीन आणि शब्दही तीन. पण त्यांच्या मुळाशी एकच कल्पना आहे.

'पूर्वज' हा संस्कृत शब्द काळ सांगतो: जो आधी जन्मला तो. 'पितर' नाते सांगतो. 'वाडवडील' या घरगुती शब्दाची जात निराळी आहे. प्राकृतात 'वड्ड' म्हणजे मोठा. हिंदीतील 'बडा' आणि मराठीतील 'वडील' एकाच कुळातले. जुन्या मराठीत 'वाड' याचा अर्थही थोर, मोठा असाच होता. तेव्हा 'वाडवडील' ही मोठेपणाचीच जोडी होय. कन्नडात 'हिरिय' म्हणजे मोठा. फारसीतून आलेल्या 'बुजुर्ग' शब्दाचाही मूळ अर्थ तोच. गावांच्या नावांमागे लागणारे 'बुद्रुक' हे त्याचेच मराठी रूप.

या तिन्ही शब्दांत मृत्यूचा उल्लेख नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. समोर बसलेला बाप 'वडील' आणि शंभर वर्षांपूर्वी गेलेला पुरुष 'वाडवडील'. मध्ये भिंत नाही. 'आजा' हा शब्दही असाच. संस्कृत 'आर्य', प्राकृत 'अज्ज', मराठी 'आजा'. आणि कन्नड घरातले नातवंडही आजोबांना 'अज्ज' अशीच हाक मारते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी होऊन गुलबर्गा, बीदर हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. आजोबा उर्दू शाळेत शिकलेले, नातू कन्नड शाळेत शिकलेला आणि घरातील बोलणे मराठी, अशी कुटुंबे या भागात झाली. वडिलोपार्जित जमिनीचे उर्दू कागद पेटीत असतात. परंतु आजोबांची सही नातवाला वाचता येत नाही. लिपी तुटली की वंशाची आठवण तोंडी बोलण्यावरच उरते. मग घरातील बोलणेही सुटले, तर 'वाडवडील' हा शब्द केवळ कोशात राहील.

तसे होऊ नये, यासाठी फार मोठे साधन लागत नाही. सर्वपित्री अमावास्येला पानावर बसलेल्या मुलांना तीन पिढ्यांची नावे, त्यांचे गाव आणि त्यांचा व्यवसाय सांगितला, तरी पुष्कळ झाले. मोठेपण केवळ आधी जन्मल्याने येत नाही. मागच्यांचे पुढच्यांच्या हाती सोपविल्याने येते. आजचे वडील उद्याचे वाडवडील होतात, ते याच मार्गाने.