काय पाहिले?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आज आपण येथे जमलो आहोत, त्यांची एक सवय अनेकांना आठवत असेल. सहलीहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी ते वह्या मिटवायला लावीत आणि विचारीत, "काय पाहिले?" "देऊळ पाहिले" एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान होत नसे. झाड कोणते होते, वारा कोठून येत होता, दारातली म्हातारी काय विकत होती, हे सारे त्यांना ऐकावयाचे असे. त्यांच्या या प्रश्नाचे मोल मला सत्तरी उलटल्यावर कळले. तो घरगुती प्रसंग सांगण्याची मुभा आपण द्यावी.

माझी थोरली बहीण, आम्हा सर्वांची अक्का, सौंसरला राहत असे. एका दिवाळीत आम्ही सारे तिच्याकडे जमलो होतो. सायंकाळी जामसावळीला मारुतीच्या दर्शनास जावे असे ठरले. अक्का म्हणाली, "फोन इथंच ठेवाल, तर मी येते." कारण विचारण्याची गरज नव्हती. दोन दिवस ती माना खाली घातलेल्या माणसांत वावरत होती. सर्वांचे फोन तिने धान्याच्या कोठीवर ठेवविले. खरे सांगतो, मुलांपेक्षा त्याचा जाच मलाच अधिक झाला. वाटेत माझा हात चार वेळा खिशाकडे गेला.

जामसावळीचे स्थान आपणांस परिचित आहे. महाराष्ट्रात समर्थांच्या परंपरेने मारुती बहुधा उभा, बलोपासनेचे प्रतीक म्हणून पाहण्याची सवय. येथे तो पिंपळाखाली निद्रिस्त आहे. २०२३ मध्ये तेथे 'हनुमान लोक' या भव्य परिसराचे भूमिपूजन झाले. माझ्या नातीने विचारले, "अक्काआजी, हा झोपला का आहे?" अक्का पारावर टेकली आणि बोलू लागली. कापसाच्या गाडीबरोबर आमचे वडील येथे मुक्काम करीत, ते तिने सांगितले. मग सहज म्हणाली, "माय आजारी पडली, तवा माझी शाळा सुटली. मी इथंच येऊन मारुतीले म्हटलं, माह्यं राहू दे, भावाचं शिकणं थांबू नोको देऊ."

मित्रहो, हे ती मला सांगत नव्हती. नातीला सांगत होती. आयुष्यभर मराठी शिकविणाऱ्या, विद्यावाचस्पती म्हणविणाऱ्या मला हे त्या सायंकाळपर्यंत ठाऊक नव्हते. मी विचारलेच नव्हते. आरतीची घंटा झाली आणि ती उठली.

त्याच वर्षी माघात अक्का गेली. तेराव्याला सर्वांनी त्या सायंकाळचे छायाचित्र शोधले. एकही नव्हते. तेव्हा नात सांगू लागली. अक्काच्या लुगड्याचा काठ, पारावर पडलेली पिंपळपाने, तिचे शब्द, त्यातले 'माह्यं' आणि 'नोको'सुद्धा. गुरुजी असते तर त्यांनी तिला पूर्ण गुण दिले असते.

आज अनेक मोठ्या देवस्थानांत फोनला मनाई आहे. दिल्लीचे अक्षरधाम २००५ मध्ये खुले झाले. तेथे तो बाहेर जमा करावा लागतो. उज्जैनच्या महाकाल मंदिरात डिसेंबर २०२२ मध्ये बंदी आली आणि त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने तामिळनाडूतील मंदिरांसाठी तसाच आदेश दिला. पावित्र्य आणि सुरक्षितता ही कारणे योग्यच आहेत. परंतु दारावरचा नियम फोन काढून घेतो, अवधान देत नाही. बिल्ला हातात धरून बाहेर पडण्याची घाई करणारा भक्त आपण पाहतोच. 'दर्शन' हा शब्द पाहण्यापासून झाला आहे, टिपण्यापासून नव्हे. आम्हाला त्या दिवशी जे लाभले, ते घराच्या उंबरठ्यावर, एका म्हातारीच्या अटीमुळे लाभले.

फोन हा शत्रू आहे, असे मी म्हणणार नाही. परदेशी असलेल्या मुलाचा आवाज मला त्यातूनच ऐकू येतो. पण आपल्या मुलखासाठी या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ महाराष्ट्राच्या वाटेने गेला, सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला, तरी कचेरीची भाषा हिंदीच आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र इथली मराठी टिकली ती ओसरीवर, दिवेलागणीनंतर, म्हाताऱ्यांनी सांगितले आणि मुलांनी ऐकले म्हणून. तो तास मुका झाला, तर तिला दुसरी शाळा नाही.

म्हणून माझी विनंती लहान आहे. आठवड्यातून एक सायंकाळ फोन कोठीवर ठेवा. जामसावळीला जा, नाहीतर घरच्या अंगणात बसा. जे वडीलधारे हयात आहेत त्यांना विचारा. माझ्यासारखे योगायोगाने कानावर पडण्याची वाट पाहू नका. आणि दुसऱ्या दिवशी मुलांना गुरुजींचा प्रश्न अवश्य विचारा : काय पाहिले?