सवलतीचे वजन

परिषदेला आलेल्या पाहुण्यांना गावाची ओळख करून देणे हे यजमानाचे काम. इंदूरच्या सराफा बाजाराची ओळख रात्री होईलच, कामाची ओळख मी आत्ताच करून देतो. इथला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फूट उंचीवर आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की पंखांच्या आणि इंजिनांच्या दृष्टीने हाच विमानतळ जणू ५,५०० फुटांवर जाऊन बसतो. जानेवारीच्या पहाटे जे वजन विमान सहज उचलते, ते त्या दुपारी त्याच धावपट्टीवरून उचलेलच असे नाही. वजनाची मर्यादा ही कागदावर कायमची कोरलेली एकच संख्या नव्हे. ती त्या दिवसाची, त्या धावपट्टीची आणि विमानाच्या त्या वेळच्या प्रकृतीची असते. मला बोलायचे आहे ते या प्रकृतीविषयी.

प्रत्येक विमान प्रत्येक वेळी पूर्ण धडधाकट निघत नाही. टेक लॉगमध्ये स्नॅग, म्हणजे बिघाड, लिहिला जातो. इंजिनिअर एमईएल, म्हणजे मिनिमम इक्विपमेंट लिस्ट उघडतो, तो भाग बंद ठेवून उडता येते का ते पाहतो, अटी पूर्ण करतो, कॉकपिटमध्ये ‘इनऑप’ची चिठ्ठी लावतो आणि दुरुस्ती पुढे ढकलतो. ‘बी’ वर्गातल्या दोषाला ३ दिवस, ‘सी’ वर्गातल्याला १०. ही सवलत आहे, आणि तिची किंमत पुष्कळदा वजनात चुकवावी लागते. ब्रेकची अँटी-स्किड बंद असेल तर टेकऑफ सोडून थांबायला जास्त धावपट्टी लागते, म्हणून वजन उतरवावे लागते. हे सरळ आहे. पण बोईंग ७३७च्या वातानुकूलनाच्या दोन पॅकपैकी एक बंद असला, तर त्याचा धावपट्टीशी काय संबंध? एका पॅकवर विमानाला २५,००० फुटांच्या वर जाता येत नाही. खालून उडाले की इंधन जास्त जळते, म्हणून निघतानाच ते जास्त भरावे लागते. वजन आधीच मर्यादेला टेकलेले असेल, तर त्या इंधनापायी बॅगा तरी खाली राहतात किंवा प्रवासी तरी. केबिन थंड ठेवणाऱ्या यंत्राचा बिघाड असा फिरत फिरत लोडशीटवर, म्हणजे वजनाच्या हिशेबपत्रकावर, येतो. माझे म्हणणे एवढेच, की पुढे ढकललेला प्रत्येक दोष हा वजनाच्या हिशेबातला आकडा आहे का, हे विमान भरायला सुरुवात होण्याआधी तपासले पाहिजे. आज ते पुष्कळदा शेवटच्या पंधरा मिनिटांत, दार बंद करायच्या घाईत उमगते.

यावर पहिला आक्षेप असा, की यादी नियामकाने मंजूर केलेली आहे, मग आणखी चिंता कशाला? मंजुरी असते ती एकेका दोषाला. दोन-तीन दोष एकत्र आले की काय होईल, याचा विचार यादी वैमानिकावरच सोपवते. शिवाय यादीत बसणारे लक्षण आणि त्यामागचे कारण वेगळे असू शकते. २० ऑगस्ट २००८ रोजी माद्रिदला स्पॅनएअरच्या एमडी-८२चा तापमान मोजणारा प्रोब जमिनीवरच तापू लागला. हीटरचा वीजपुरवठा तोडून विमान सोडण्यात आले. फ्लॅप न उतरवताच ते धावले, धोक्याची सूचना वाजली नाही आणि १५४ माणसे गेली. हीटर आणि ती सूचनायंत्रणा एकाच रिलेवर अवलंबून होत्या. सूचना नेमकी का वाजली नाही, हे तपासात निर्विवाद ठरले नाही. तरी प्रोब का तापतो हा प्रश्न त्या दुपारी अनुत्तरित राहिला, एवढे निश्चित.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. प्रत्येक स्नॅगला विमान उभे केले तर सेवाच कोलमडेल. मान्य आहे. त्याहून वाईट म्हणजे स्नॅग लिहिलेच जाणार नाहीत. दोष कागदावर येतो तो या यादीमुळेच, म्हणून ती काढून टाका असे मी कधीच म्हणणार नाही. आणि संगणक सगळे जुळवून देतो म्हणाल, तर तो दिलेल्या आकड्याचेच गणित करतो. २० मार्च २००९ रोजी मेलबर्नला एमिरेट्सच्या ए३४०साठी ३६२ टनांऐवजी २६२ टन वजन संगणकात भरले गेले. शेपूट धावपट्टीवर घासत विमान कसेबसे उठले. आत २७५ माणसे होती, ती सुदैवाने वाचली.

आपल्याच मुलखात, तेव्हाच्या औरंगाबादला, २६ एप्रिल १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचे आयसी ४९१ धावपट्टी ओलांडून बीड रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकले. ५५ जण दगावले. चौकशीने दोष ठेवला तो नाक उशिरा उचलण्यावर आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक न रोखण्यावर. त्याचे खापर मी वजनावर फोडत नाही. पण भर उन्हाळ्यात धावपट्टीच्या टोकाशी हाती उरणारी उंची किती थोडी असते, हे तिथे दिसले. माणसाच्या क्षणभराच्या उशिरासाठी राखलेली ती थोडकी उंची एखाद्या बंद भागापायी कोणाच्याही नकळत खर्च होता कामा नये.

म्हणून या परिषदेपुढे माझी एक ठोस विनंती आहे. दोष पुढे ढकलण्याची सही होताच त्याने वजन किती घटले आणि इंधन किती वाढले, हे आकडे लोडशीट करणाऱ्याकडे लेखी गेले पाहिजेत. खाली राहिलेल्या प्रवाशाला ‘तांत्रिक कारण’ या दोन शब्दांवर वाटेला न लावता खरे कारणही सांगितले पाहिजे. पहिल्या सत्रात इंजिनिअर, डिस्पॅचर आणि रॅम्पवरची मंडळी मुद्दाम एकाच टेबलाभोवती बसवली आहेत. त्यांनी या नोंदीचा नमुना उद्या दुपारपर्यंत तयार करावा, अशी विनंती करतो आणि सूत्रे अध्यक्षांच्या हाती देतो.